वसाहत पाडण्याआधी

मडगाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या वसाहतीच्या पुनर्विकासासाठी तीन बिल्डर येऊन गेले, त्यातल्या एकाने कोऱ्या संमतिपत्रांवर सह्या मागितल्या आणि त्यावरून समितीत दोन तट पडले, हे वाचून लगेच लिहायला घेतलं. सह्या तूर्त थांबव. बिल्डर निवडणं हे या कामातलं चौथं-पाचवं पाऊल आहे. तेच पहिलं टाकलं, की पुढचं सगळं त्याच्या सोयीने ठरत जातं.

आधी जमीन. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत घर रहिवाशाच्या नावावर आणि खालची जमीन मंडळाच्या, असं असू शकतं. वाटपपत्र, भाडेखरेदीचा करार, शेवटचा हप्ता भरल्याची पावती, विक्रीखत किंवा लीजडीड (भाडेपट्टा), फॉर्म १-१४ हा जमिनीचा उतारा (सिटी सर्व्हेत असाल तर फॉर्म डी) आणि सर्व्हे प्लॅन हे सगळं प्रत्येक इमारतीचं वेगळं लाव. लीज असेल तर वकिलाला तीन गोष्टी लेखी विचार: किती वर्षं उरली, पाडून नव्याने बांधायला मंडळाची परवानगी लागते का, आणि जादा घरं बाहेरच्यांना विकता येतात का. तिसऱ्याचं उत्तर नकारार्थी आलं तर पुढचा हिशेब मांडायचंही कारण उरत नाही.

कुणीतरी तुला मुंबईची पुनर्विकासाची, कलम ७९(अ)खालची मार्गदर्शिका पाठवली आहे. ती नुसती वाचून ठेव. ४ जुलै २०१९चा तो शासन निर्णय महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखालचा आहे. त्यातली ५१ टक्के संमतीची अट इथे आपोआप लागू होत नाही. आपल्या गोव्यात सहकारी संस्थांसाठी २००१चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याहून मोठा फरक नागरी संहितेचा. इथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी बायकोची सही लागतेच. मूळ धारक वारला असेल तर वारसाखत हवं आणि वारसांत वाटणी व्हायची असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली कार्यवाही. तुमच्या ४८ घरांपैकी ज्यांचे वारस लिस्बन, लंडन किंवा आखातात आहेत त्यांची यादी आजच कर. परदेशातून मुखत्यारपत्र येईपर्यंत महिने जातात, आणि अशी दोन घरं अडली तरी अख्खी इमारत अडते.

आता इमारतीची तब्येत. ‘धोकादायक आहे’ असं एका पानाचं पत्र म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. रिबाउंड हॅमर फक्त वरच्या थराचा अंदाज देतो. त्याच्या जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी हवी: आत सोडलेल्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रिट बरं, ३च्या खाली गेला तर संशयास्पद. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा आला तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. फिनॉल्फ्थॅलीन फवारून जिथे गुलाबी रंग येत नाही तिथपर्यंत कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, पोचलंय. ही खोली सळईवरच्या काँक्रिटच्या थराइतकी, म्हणजे कव्हरइतकी झाली असेल तर सळईचं संरक्षण संपलं. यासोबत काँक्रिटचे काही कोअर (ड्रिलने कापलेले नमुने) काढून क्लोराइडचं प्रमाण तपासून घ्या, कारण खाऱ्या वाऱ्याखेरीज, खाडीलगतची रेती नीट न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून कव्हर फुटून छताचे पोपडे पडतात. त्यावर नुसता गिलावा मारला तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

अहवालात खांब आणि बीम ठीक निघाले आणि दोष छज्जे, बाल्कनीचे स्लॅब, संडासाखालचा भाग एवढ्यापुरताच असला, तर पाडू नका, दुरुस्ती करा. हे मी मनापासून सांगतोय. चांगली इमारत पाडण्यात हित असतं ते जादा बांधकाम विकणाऱ्याचं.

पाडायचंच ठरलं तर आधी झोनिंग प्रमाणपत्र घेऊन एफएआर, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ते, किती मिळतो ते पक्कं कर. मग हा हिशेब समितीपुढे मांड. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा. प्लॉट ४,००० चौरस मीटर, एफएआर १५० टक्के, म्हणजे ६,००० चौ.मी. बांधकाम. चौरस मीटरला ३०,००० रुपये धरले तर १८ कोटी. ४८ कुटुंबांना महिना १५,००० भाडं, ३० महिने: २ कोटी १६ लाख. पाडकाम, शुल्क, आर्किटेक्ट, व्याज मिळून बांधकामाच्या १५ टक्के, म्हणजे २ कोटी ७० लाख. एकूण २२ कोटी ८६ लाख, आणि यात कुणाचा नफा धरलेला नाही.

जुन्या प्रत्येकाला ४५ चौ.मी. कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्र) दिलं, आणि भिंती, जिने, लिफ्टसाठी ते १.३५ने गुणलं, तर ४८ घरांत २,९१६ चौ.मी. जातात. उरलेल्यातून विकायला सुमारे २,२८४ चौ.मी. कार्पेट मिळतं. सगळा खर्च त्यावर टाकला की दर साधारण एक लाख रुपये चौरस मीटर. ४० चौ.मी.चं नवं घर ४० लाखांना, आणि अशी ५७ घरं. आता समितीतल्या एका तटाची मागणी घे: प्रत्येकी ५५ चौ.मी. विक्रीला उरतात १,८०४ चौ.मी., तेच घर पावणेएक्कावन्न लाखांवर जातं आणि घरं ४५ होतात. शिवाय परवडणाऱ्या घरासाठीची ४५ लाखांची मर्यादा ओलांडली की जीएसटी १ टक्क्यावरून ५ टक्के. म्हणजे ४० हजारांच्या जागी अडीच लाखांहून जास्त. जुन्या घरात वाढवलेल्या दहा मीटरचे पैसे नवं घर घेणारी नर्स नाहीतर कदंब बसचा कंडक्टर भरणार, आणि त्यांना ते परवडणार नाहीत. मग ते घर कुणीतरी सुट्टीपुरतं घेईल. मंडळाची वसाहत ज्यांच्यासाठी उभी राहिली त्यांच्याच हातून ती अशी जाते, सुहास. जुन्यांना थोडी वाढ, लिफ्ट आणि न गळणारं छप्पर मिळावं. त्यापुढची हाव रोखणं तुझ्या समितीचं काम आहे.

नव्या घरांना आधीच अटी घाला: मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला, गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, काही वर्षं विक्रीबंदी, आणि पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायला मनाई. या अटी वाटपपत्रात, विक्रीखतात आणि सोसायटीच्या उपविधीत अशा तिन्ही ठिकाणी हव्यात.

करारात ‘कार्पेट’ रेरा या बांधकाम-व्यवसाय नियमन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे लिहून घ्या. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. बिल्डरच्या ब्रोशरमधले ४५ मीटर बाल्कनीसकट असतील तर खोल्या आजच्यापेक्षा लहान निघायच्या. रेरामुळे खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात राहते आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरवर असते. पण जुन्या रहिवाशाची ढाल म्हणजे त्याचा स्वतःचा करार. नोंदणीकृत विकास करार, बँक गॅरंटी, आणि रहिवाशांच्या वाट्याची घरं गहाण ठेवता येणार नाहीत असं स्पष्ट कलम. भाडं पुढच्या तारखांच्या चेकवर घेऊ नका, निदान बारा महिन्यांचं एस्क्रोत (त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात) आगाऊ. अनामत, दलाली आणि दोन वेळचा सामान हलवण्याचा खर्च वेगळा. डिसेंबर आला की मालक पर्यटकांकडे वळतात, तेव्हा अकरा महिन्यांचा करार हंगामाच्या मध्यावर संपणार नाही असा करा.

वेळापत्रक पावसाने ठरवायचं. घरं सप्टेंबरअखेर रिकामी, पाडकाम ऑक्टोबरात, पाया आणि जोतं मेच्या मध्यापर्यंत वर. जूनमध्ये खड्डा उघडा राहिला तर कडा ढासळतात आणि शेजाऱ्याची कंपाउंडची भिंतही बरोबर घेऊन जातात. टेरेसवरचे सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील. ते ओले करून, न फोडता, अखंड उतरवायचे. धड निघालेले जांभ्याचे चिरे बाजूला रचून ठेवा, कंपाउंडला लागतील.

नव्या काँक्रिटला एम-३० दर्जा आणि ४५ मिलिमीटर कव्हर ही समुद्राजवळची किमान पातळी मान, आणि ओतण्याआधी कव्हर ब्लॉक मोजायला आपला माणूस उभा कर. खाली नुसतं पार्किंग ठेवलं तर तो मजला कमकुवत राहतो. आपण भूकंप क्षेत्र तीनमध्ये आहोत, तिथल्या खांबांची गणितं इंजिनियरकडून वेगळी मागून घे. आणि सांडपाणी विसरू नकोस: १०५ घरं, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ७१ हजार लिटर. जुन्या सोकपिटांना (शोषखड्ड्यांना) ते झेपणार नाही, आणि आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून ते शेजारच्या विहिरींत उतरेल. सांडपाण्याची लाइन नसेल तर एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र), आणि तो चालवायचा महिन्याचा खर्च आत्ताच देखभालीच्या हिशेबात धर. पेन्शनवर जगणाऱ्यांना तोच पुढे जड जातो.

ऑडिटसाठी तीन कोटेशनं मागव, आणि बिल्डरने सुचवलेला इंजिनियर घेऊ नकोस. अहवाल आला की चाचण्यांच्या मूळ आकड्यांसकट मला पाठव, नुसता निष्कर्ष नको. कराराचा मसुदाही सहीच्या आधी दाखव.

वहिनींना नमस्कार सांग. देव बरें करूं.

तुझा,
दामोदर