तुझी ती चार अक्षरं

प्रिय बाबू,

बस पत्रादेवीपर्यंत पोचली असेल नसेल, तेवढ्यात तुझा मेसेज आला, "आयएनटीपी, आई मी असाच आहे". चवथीला सगळ्यांसमोर तुला घुमा म्हटलं ते चुकलंच माझं. आतेला राग आला म्हणून मी तिची बाजू घेतली.

दोन रात्री त्या स्वभावाच्या टेस्टबद्दलच वाचतेय, जिच्यातून तुझी ही चार अक्षरं आली. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ सालीच लिहिलंय की काहींचं मन बाहेर माणसांत रमतं आणि काहींचं आत वळतं. टेस्टमधले ते स्वभावांचे १६ टाइप मात्र अमेरिकेतल्या मायलेकींचे, कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स. लेकीने पसंत केलेला मुलगा घरी आला तो त्यांच्या घरच्यांसारखा मुळीच नव्हता, तर हा असा का म्हणून आईने शोधायला घेतलं, युंग तिने नंतर वाचला. परक्या मुलासाठी तिने एवढं केलं रे, आणि मी पोटच्याला घुमा म्हटलं.

तुझ्या अक्षरांतला टी म्हणजे डोक्याने ठरवणारा, मन नसलेला नव्हे, हे मला पटलं. मग गेल्या वर्षी डेंग्यूत चार दिवस खोलीत एकटा पडून होतास ते कळवलं का नाहीस?

सात वर्षांचा होतास, गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी एका बाजूला कलली, भाऊकाका ओरडतायत, कोण तोरिंगं काढतोय, कोण दोरी ओढतोय, आणि तू आंगठा बोटावर घासत नुसता बघत होतास, मग हळूच म्हणालास नारळांचा घोस मधे घ्या. घेतला आणि सरळ झाली. परवा आरतीतपण आंगठा तसाच घासत होतास, मी बघितलं. बाबा अजून येईल त्याला माटोळीची गोष्ट सांगतात.

पण ती अक्षरं म्हणजे पत्रिका नव्हे, थोड्या आठवड्यांनी परत टेस्ट दिली तर पुष्कळांची बदलतात. म्हणून असाच आहे म्हणत दार लावून बसू नये, रूमवरच्या पोरांशी बोलावं, शेजारी एक तरी ओळख ठेवावी, रात्री ताप चढला तर कोण आहे तिथे... परत भाषण सुरू झालं माझं. सॉरी रे. तुला गप्प राहायचं तर राहा, मी आतेलापण सांगितलंय.

फक्त बरं नसलं की एक अक्षर पाठव, कुठलंही. काय झालं ते लिहू नकोस, मी लगेच फोन करणार नाही, संध्याकाळपर्यंत तरी नाही. प्लेटलेट्स उतरेपर्यंत थांबू नकोस एवढंच.

नेवऱ्या डब्यात खाली आहेत, आधी त्या संपव.

आई