आधी उठवली, मग उतरवणार

गडहिंग्लज, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

अण्णांच्या टेम्पो ट्रॅव्हलर व्हॅनचं इंजिन बदलायच्या आधी मी जुनंच सुरू करतोय म्हटल्यावर परवा फोनवर तू मला सरळ वेड्यात काढलंस. "इंजिन उतरवायचंच आहे, तर ते सुरू करायचा उद्योग सांगितलाय कुणी?" मी उत्तर द्यायला लागलो तर तुझी रेंज गेली. आता निवांत वाच.

अण्णांची ट्रॅव्हलर उभी राहिली त्याला नऊ पावसाळे झाले. गोठ्यामागच्या पत्र्याखाली, नाक कडब्याच्या गंजीकडे करून. ड्रायव्हर मंडळी "बेन्झचं इंजिन हाय" म्हणून कॉलर ताठ करायची ना, ते हेच. ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. बजाज टेम्पोनं परवान्यावर बनवलेलं, मूळ मर्सिडीजच्या २४० डी मोटारीतलं. टेम्पो ट्रॅक्समध्येही हेच यायचं, म्हणून तर अपघातातल्या ट्रॅक्सचं इंजिन मी घेऊन ठेवलंय. तू म्हणतोस ते कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं नवं डिझेल इंजिन, नको रे बाबा. त्याचा ईसीएम (म्हणजे तो कॉम्प्युटरच), सेन्सर, वायरिंग गोठ्यात बसून कोण जुळवणार?

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. उद्या दुसरं इंजिन बसवलं आणि गाडी खडखडली, तर दोष कुणाच्या माथी मारायचा? क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, ब्रेक, सगळेच नऊ वर्षं पडून. जुनं इंजिन लंगडत का होईना फिरलं, तर बाकीच्यांचं दुखणं आधीच कळतं.

टाकीचा खालचा नट सोडला तर पहिल्यांदा पाणी आलं, मग काळी बुळबुळीत घाण, विहिरीच्या शेवाळासारखी. डिझेलखाली पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात. तो गाळ पंपात गेला की पंप संपला. म्हणून टाकीचा नादच सोडला. पाच लिटरचा कॅन उंच टांगला आणि पाईप थेट फीड पंपाला जोडला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी शेंगांची टरफलं आणि पोत्याचे धागे घालून प्रपंच थाटला होता, तोही हलवला.

मग हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, काढून चारी भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि दोन रात्री मुरू दिलं. सेल्फला हात लावला नाही. क्रँकच्या बोल्टवर सॉकेट, त्याला लांब पाईप, आणि पाईपला मी लोंबकळलेला. काही हलेना. मिस्त्री म्हणाले, "झटका देऊ नका, दाब धरून ऱ्हावा." धरला. थोड्या वेळानं पाईप बोटभर खाली गेला, इतका हळू की मला वाटलं बोल्टच सुटतोय. मग सावकाश चार फेरे हातानंच दिले. कुठं व्हॉल्व्ह अडकत नाही म्हटल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजलं. धडधाकट असताना या इंजिनाला २२ ते २४ बार यायला हवं. पहिला, दुसरा, चौथा १८ च्या आसपास, तिसरा ९. म्हणजे बदलायचं ठरवलं ते बरोबरच.

आता खरी गंमत. सेल्फ मारायच्या आधी मिस्त्रींनी एक सपाट फळी मागितली. फळी मिळेना, म्हणून मी आईचा जेवायचा पाट आणला. मनात म्हटलं, म्हातारा पूजा घालतोय की काय! हँड प्रायमरनं, म्हणजे हातपंपानं, डिझेलच्या पाईपातली एअर काढली, हीटर तापवला, सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला धडधडलं, पांढऱ्या धुरानं गोठा भरला, आणि मी "झालं!" म्हणेपर्यंत इंजिन बोंबलायला लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी आवाज चढतोच आहे. चावी बंद केली, काही फरक नाही. डिझेलला कुठला स्पार्क असतो तोडायला? बाहेरून पंपाचा लिव्हर हलत होता म्हणून मी निर्धास्त होतो, पण आत पंपाचा रॅकच, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडीच, फुल डिझेलवर चिकटलेली. मिस्त्रींनी पाट हवेच्या तोंडावर थाडकन मारला. इंजिनानं तो असा ओढून धरला की हात काढला तरी पडेना. दोन उचक्या दिल्या आणि थांबलं. बाळ्या, त्यानंतर मी गव्हाणीवर बसून होतो, पाय थरथरत होते. म्हशी दावणीला नव्हत्या म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी पंपाचं बाजूचं झाकण काढून डिझेल-ऑइल सोडलं, रॅक बोटानं सरकेपर्यंत. मग मात्र पठ्ठ्या तीन पायांवर का होईना, शहाण्यासारखा चालला.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. मागची चाकं टेकूवर घेऊन, गिअर टाकून, क्लच दाबून ब्रेकला दणके दिले तेव्हा सुटली. मागचे ड्रम ठोकून मोकळे केले, चारही व्हील सिलिंडर नवे. आणि काल गाडी अंगणातून रस्त्यापर्यंत स्वतःच्या पायानं गेली! तेवढ्यात कळलं की तिसरा गिअर दळण दळतोय आणि डिफरन्शिअल गुणगुणतंय. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही खाली. हे नंतर कळलं असतं तर मी त्या ट्रॅक्सवाल्याशीच भांडत बसलो असतो.

कागदांचं बोलून ठेवतो. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळं आरटीओला आधी विचारल्याशिवाय एक बोल्टही सोडणार नाही. ट्रॅक्सवाल्याकडून विक्रीचा कागद घेतलाय.

पुढच्या आठवड्यात तुझी चेन पुली लागेल, दोन टनाची. येताना ती आण, जुने कपडे आण, आणि कोल्हापुरातून येणार असशील तर एक पाट घेऊन ये, चांगला शिसवी. आईनं अजून विचारलं नाही, पण ती रोज स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असते.

तुझा,
पक्या