पेनाला हात न लावणारी माणसं

ब्रुकलिन, न्यूयॉर्क

प्रिय विनायक,

तुझं पत्र मिळालं. ‘तिकडे मुलांना लिहायला शिकवतोस म्हणजे नक्की काय करतोस?’ हा प्रश्न झेडपीच्या शाळेत वह्यांचे गठ्ठे तपासणाऱ्यानं विचारावा, म्हणजे त्यात थोडा खवचटपणा असणारच!

विद्यार्थी आपला कच्चा निबंध घेऊन येतो. आम्ही त्याच्या शेजारी बसायचं, समोर नाही. त्याला मोठ्यानं वाचायला लावायचं. वाक्य कुठे अडखळतंय ते बहुतेक वेळा त्याच्याच कानाला कळतं. नाही कळलं तर विचारायचं, “इथे तुला काय म्हणायचं होतं?” पेन मात्र त्याच्याच हातात. आम्ही पेनाला शिवायचं नाही, असा इथला दंडक.

सत्र सुरू होण्याआधी आम्ही सगळे शिकवणारे जमलो आणि लिहिण्याच्या नादाला कसे लागलो ते एकेकानं सांगितलं. मला वाटलं होतं, सगळे साहित्यात एम.ए. झालेले असतील. पण त्रिनिदादच्या एक निवृत्त नर्सबाई निघाल्या. रात्रपाळीच्या नोंदी लिहिता लिहिता त्या लिहायला शिकल्या. ‘रुग्ण अस्वस्थ वाटला’ असं लिहिलं की त्यांची मेट्रन कागद परत करायची. ‘दोनदा उठून बसला, पाणी नको म्हणाला’ असं लिहायचं. मी ऐकलेलं लेखनावरचं सगळ्यात चांगलं व्याख्यान तेच, आणि ते दोन मिनिटांत संपलं. (एक तरुण कवी पुष्कळ वेळ बोलला. त्यातलं काहीच आठवत नाही.) एक बांगलादेशी मुलगी अजून स्वतःच शिकतेय. आईच्या वतीनं घरमालकाला पत्रं लिहून तिचं इंग्रजी तयार झालं. पत्र जमलं तर हीटर दुरुस्त, नाही तर घरभर थंडी. एवढा कडक परीक्षक तुला-मला कधी भेटला नाही.

माझी पाळी आली तेव्हा वर्तमानपत्रातली नोकरी सांगावी असं आधी वाटलं. पण तिथे मी बातमीदारांच्या मजकुरातली ‘शोककळा’ आणि ‘हळहळ’ कापण्यापलीकडे काय केलं? मग शेजारच्या आक्कांचं सांगितलं. तुला आठवत असतील. मुलगा परळच्या गिरणीत, त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून कार्डं मी लिहायचो. त्या म्हणायच्या, “घर गळतंय असं लिहू नको. पण त्याला कळलं पाहिजे.” काय लिहावं ते मला सुचेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, “लिही, धान्याची पोती माळ्यावरून खाली आणली.” लेखणी माझ्या हातात होती, पण लेखिका त्याच होत्या.

आमच्या या कामाची मुळंही अशाच माणसांत आहेत. १९७० साली इथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी मुलं लोटली. सिटी कॉलेजात मीना शॉनेसी या बाईंनी अशा मुलांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईनं वाचले आणि दाखवून दिलं, की चुका आळसातून होत नाहीत, त्यांच्यामागे मुलाचा काही हिशेब असतो. ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांना दिसलं, की मदत ठेवली तरी मुलं ती घ्यायला येत नाहीत. म्हणून त्यांनी मुलांनाच मुलांच्या मदतीला बसवलं.

नर्सबाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं काही? मी मुक्ता साळवेचं नाव घेतलं. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्यांना वेद बघायचीही बंदी, त्यांचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. तिला कुणी ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय दिला असता तर हे कागदावर आलं असतं का रे? त्या शाळेत तिला कोण काय विचारत असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

तुझ्या सातवीच्या पोरांना पाचवीच्या पोरांशेजारी बसवून बघ. आठवड्यातून एक तास पुरे. मोठ्यांनी फक्त विचारायचं, लिहायचं नाही. गाइडमधला निबंध असेल तर वाचतानाच उघडा पडेल, कारण त्यावर प्रश्न विचारला की पोरगं गप्प होतं. आणि तू तेवढा तास वर्गाबाहेर थांब. तुला राहवणार नाही, मला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार. पोरांनी काय लिहिलं ते जसंच्या तसं, शुद्धलेखन न सुधारता पाठव.

तुझा,
दिनू