नवशिक्या समुपदेशकांनी शिकायचे कोठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत 27 वर्षे मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. मुलीला एम.ए.ला मानसशास्त्र घेऊ द्यावे, की ते काम आता यंत्रच करणार, असे विचारणारे पालक हल्ली आमराईत फिरायला गेले तरी गाठतात. उभ्याउभ्या दिलेले उत्तर तोकडे पडते, म्हणून हे पत्र.

यंत्रापाशी मन मोकळे करणे नवे नाही. 1966 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परत देण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते, तरी त्याच्याशी ‘बोलताना’ त्यांच्या सेक्रेटरीने खुद्द वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ज्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नव्हता (आकडा 0.75 होता), तिथे रात्री दोन वाजता मोबाईलशी बोलणाऱ्या मुलाला आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवणार?

अनुभवी तज्ज्ञाची खुर्ची लगेच जाईल असे मला वाटत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने तर ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून एआयला उपचार करण्यास मनाईच केली. मात्र नोंदी ठेवण्यासारख्या पूरक कामांना त्याच कायद्याने मुभा दिली आहे, आणि माझी काळजी नेमकी तिथे सुरू होते, कारण हीच कामे शिकाऊ मुलांच्या वाट्याला येतात.

चाचण्यांचे गुणांकन यंत्राने खुशाल करावे. उत्तरपत्रिकेवर स्टेन्सिल ठेवून खुणा मोजण्यात आमच्या पिढीने डोळेफोड केली, त्यातून शहाणपण काही आले नाही. केस हिस्ट्रीचे तसे नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली, त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या एका विद्यार्थिनीने नदीकाठच्या एका बाईंची हकीकत लिहून आणली. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) नेटके दीड पान: झोप नाही, भूक मंदावली, पाऊस आला की छातीत धडधड, जनावराचे नुकसान. बाई स्वतः काय म्हणाल्या, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, त्या एकच वाक्य परत परत बोलत होत्या, म्हणून मी लिहिलंच नाही. ‘म्हशीचं दावं सोडायचं राह्यलं.’” ते वाक्य जितक्यांदा आले तितक्यांदा लिहून आण, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी वहीत तिने प्रत्येक वेळी त्याआधी काय बोलणे चालले होते तेही आठवून लिहिले होते, आणि नवऱ्याचा विषय निघाला की ते वाक्य येते, हे तिचे तिलाच दिसले.

संभाषण ऐकून टिपण काढणारे सॉफ्टवेअर असेच नेटके दीड पान देईल, कदाचित त्या वाक्याच्या खेपाही मोजून देईल. पण त्यात ती मुलगी काही शिकणार नाही. शिकाऊ मुलीच्या तुटपुंज्या मानधनाहून ते स्वस्त पडले, तर दवाखाना चालवणाऱ्याचे गणितही समजण्यासारखे आहे. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण मानसशास्त्राच्या मुलांना हाताखाली घेणारी ठिकाणे मुळातच मोजकी आहेत.

म्हणून शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी काही केस हिस्टऱ्या तरी हाताने आणि रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात, व त्यांवर शिक्षकांनी तोंडी उलटतपासणी करावी. ज्या दवाखान्यांनी टिपणे यंत्राकडे सोपवली आहेत, त्यांनी वाचलेल्या वेळात, रुग्णाच्या संमतीने, शिकाऊ मुलांना सत्रात बसू द्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा ध्वनिमुद्रण कोठे साठवले जाते, हेही त्यांनी रुग्णाला सांगावे. आणि पालकांनी प्रवेश घेताना एवढेच विचारावे, की दोन वर्षांत आमच्या मुलीसमोर प्रत्यक्ष किती माणसे बसतील आणि तिची वही कोण तपासेल.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली