ओपीडीतल्या ताई, मनापासून आभार

धाकट्या भावाने गांजा सोडला आणि घरादाराची झोप उडाली. चिडचिड, घाम, भरल्या ताटावरून उठणं. "गांजाची कुठे सवय लागते!" म्हणणारे नातेवाईक होतेच. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरच्या दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ठाण्यातल्या ओपीडीत तुम्ही भेटलात. एकही प्रश्न विचारायच्या आधी "जेवलास का रे?" म्हणत डब्यातलं अर्धं थालीपीठ त्याच्यापुढे सरकवलंत. त्याने खाल्लंही! पहिला आठवडा जड जातो, दोनेक आठवड्यांत बराचसा त्रास ओसरतो, झोप मात्र उशिरा रुळावर येते, हे तुम्ही आईलाही समजावलंत. आता तो कामावरून येताना जुना कट्टा टाळून तलावपाळीवरून लांबचा रस्ता धरतो. युक्ती तुमचीच. नाव विचारायचं राहिलं, ताई.