मूल घरी आले, तरी पोटगी आपोआप थांबत नाही

मा. संपादक,

घटस्फोटानंतर आईकडे राहणारे मूल वडिलांकडे आले की बहुतेक वडील त्या महिन्यापासून पैसे पाठवणे बंद करतात. व्यवहार म्हणून ते पटते. कायद्याला पटत नाही. न्यायालय बदलत नाही तोवर जुना आदेश जिवंत असतो, थकबाकी चढत राहते आणि वसुलीचे वॉरंट निघू शकते. पगारातून कपात होत असेल तर कंपनीही आपणहून ती थांबवणार नाही.

आदेश बदलून घेण्याचा अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा, हे मूळ आदेशावर ठरते. हिंदू विवाह कायद्याखाली झालेला असेल तर कलम २६. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा असेल तर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६. सोबत शाळेचे बोनाफाईड, फीच्या पावत्या, लसीकरण वा औषधोपचाराचे कागद जोडावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार दोघांनाही मालमत्ता-दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तिथे उत्पन्न लपवणे हमखास अंगाशी येते.

खरी गुंतागुंत होते ती ‘पत्नी व मुलासाठी दरमहा अमुक’ अशा एकत्रित रकमेत. मूल हलले म्हणून पत्नीचा वाटा संपत नाही, त्यामुळे अर्जात मुलाचा हिस्सा वेगळा काढून मागावा. आणि आईला कमाई असेल तर तिच्याकडून खर्चाचा वाटाही त्याच अर्जात मागावा. बरेच जण संकोचाने ते टाळतात.

परस्परसंमती असेल तर स्टॅम्पपेपरवर थांबू नका. ती संमती पुरसीस (लेखी निवेदन) म्हणून न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घ्या.

आपला,
एक वाचक