बाळंतशोपा पोचल्या, पुडी बाजूला ठेवली आहे

आइंडहोवन, नेदरलँड्स, २२ जानेवारी

ती. आई आणि अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही बरे आहोत. चिऊ साडेनऊ आठवड्यांची झाली, बाळसं धरलंय, आवाज दिला की हसते. माझी सर्दी उतरली, रात्री जरा खोकला येतो एवढंच. ताप आलाच नव्हता. अप्पांनी पाठवलेला सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ चिऊला मांडीवर घेऊन पाहिला. संमती कट्ट्यावरची गर्दी बघून डोळे भरून आले, तेही सर्दीमुळेच म्हण.

आई, फोनवर एक गोष्ट मी लपवली. तू विचारलंस, दूध एकदम कमी कसं झालं, काढा घेत नाहीस का? मी म्हटलं, घेते. घेत होतेच, पण त्याआधी दोन दिवस मी तिथून येताना बॅगेत टाकलेल्या पट्टीतली सर्दीची गोळी खाल्ली होती. नाक इतकं चोंदलं होतं की चिऊला घेऊन धड बसवत नव्हतं. गोळीने नाक सुटलं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही ओढायची, सोडायची आणि रडायची. रात्री दोन वाजता दोघी रडत बसलो होतो. सकाळी यांनी पावडरच्या दुधाचा डबा आणला. मला वाटलं, आता माझं दूध आटलंच.

मग पट्टी घेऊन औषधांच्या दुकानात गेले. फार्मासिस्ट बाईंनी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि एका नावावर बोट ठेवलं, स्यूडोएफेड्रिन. नाकातली सूज उतरवणारं औषध, पण दूधही कमी करतं. ऑस्ट्रेलियात ८ बाळंतिणींवर त्याचा अभ्यास झाला होता, २००३ साली तो छापून आला. ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने २४ तासांतलं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. एका गोळीने पाव हिस्सा, आणि मी तर दोन दिवस घेतली. गोळी बंद केली, दर दोन तासांनी तिला अंगावर घेतलं, चार-पाच दिवसांत दूध पहिल्यासारखं आलं. पावडरचा डबा अर्धाही संपला नाही. तू बोलशील म्हणून सांगितलं नव्हतं. तू नुसती गप्प बसली असतीस हेही मला माहीत आहे, आणि तेच सोसलं नसतं.

आता अंग दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घेते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वाफ, बस्स. बार्शीच्या मावशीच्या सुनेलाही कळव, तीही पाजते आहे. सर्दीच्या गोळीत एकाच वेळी तीन-चार औषधं असतात, पट्टी दाखवून विचारल्याशिवाय घेऊ नकोस म्हणावं. आणि खोकल्याच्या औषधावर कोडीन लिहिलेलं असलं तर अजिबात नाही. काही बायकांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं, दुधातून ते बाळाला जातं, बाळ गुंगतं, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली पाजणाऱ्या बायकांना ते घेऊ नका असंच सांगितलं.

तू म्हणालीस, सर्दी असताना पाजू नको, थंडावा उतरेल. आई, दुधातून सर्दी जात नाही, शिंकण्या-खोकण्यातून आणि हातातून जाते. म्हणून मी मास्क लावून, हात धुऊनच तिला घेत होते. उलट माझं अंग सर्दीशी लढताना जे तयार करतं तेही दुधातून तिला मिळतं. मी हट्टाने पाजलं असं समजू नकोस. बंद केलं असतं तर दूध आणखी गेलं असतं.

बाळंतशोपांवरून आठवलं, इथली एक रीत तुला सांगायचीच राहिली. बाळ झालं की इथे पेढे-बर्फी काही नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाला कॉफीबरोबर एक गोल, कुरकुरीत टोस्ट देतात. त्यावर आधी लोणी लावायचं आणि मग वर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे पेरायचे. मुलगी असली की गुलाबी-पांढरे, मुलगा असला की निळे-पांढरे. लोणी लावलं नाही तर दाणे सगळे घरभर घरंगळतात, पहिल्या दिवशी यांनी तेच केलं. त्या दाण्यांना इथे ‘छोटे उंदीर’ म्हणतात, कारण दाण्याचा देठ शेपटीसारखा बाहेर राहतो. १९३८ साली त्यांची राजकन्या बियाट्रिक्स जन्मली तेव्हा नारिंगी केले होते. पाहुणे वेळ ठरवून येतात, एक टोस्ट खातात आणि तासाभरात उठतात. पहिल्यांदा मला फार कोरडं वाटलं. मग पहिले आठ दिवस घरी येणाऱ्या बाळंतपणाच्या बाईंनी सांगितलं, हे दाणे अ‍ॅनिसचे, आपल्या बडीशेपेच्या जातकुळीतले, त्याने दूध येतं अशी जुनी समजूत. मी त्यांच्या हातावर तुझ्या बाळंतशोपा ठेवल्या. चावून बघितल्या आणि हसल्या. त्या क्षणी तू स्वयंपाकघरात उभी आहेस असं वाटलं.

तर शोपा रोज खाते, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू संपले. काढ्यात तुळस, सुंठ, मिरी, गवती चहा घालते, आपल्या घरी घालायचो तेवढंच. ज्येष्ठमध काढून टाकलं, ते जास्त झालं तर रक्तदाब चढतो आणि माझा नवव्या महिन्यात चढलाच होता.

वैद्यांची कागदातली पुडी मात्र घेतली नाही, रागावू नकोस. वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही. भस्म असलं तर मला कळणार कसं? अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली छापून आली. त्यांतल्या पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं दुधात उतरतं. तुझ्या वैद्यांवर माझा अविश्वास नाही, त्या पुडीत काय आहे ते एका ओळीत लिहून दिलं तर इथल्या डॉक्टरांना दाखवीन.

आणि गुटी. आज्जीने आम्हा सगळ्यांना दिली, आम्ही वाढलो, हे मान्य. पण मध एक वर्षाच्या आत नकोच, त्यात असणाऱ्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या पोटात विष तयार होऊ शकतं, आणि जायफळाने बाळ निजतं ते गुंगीने. कापराचं तेलही छातीला लावत नाही. आज्जीची सहाण देवघरात ठेवली आहे. रोज पुसते.

सोमवारपासून कामावर जाते. बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत दूध काढायला कामाच्या वेळेतला पाव हिस्सा इथे कायद्याने मिळतो, तेव्हा तिची आबाळ होईल ही काळजी करू नकोस.

राजूचं ठरलं हे वाचून घरभर नाचले. मुलीचा फोटो दोनदा पाहिला, डोळे शांत आहेत. वैशाखात मुहूर्त धरला तर यायचं जमेलसं वाटत नाही. चिऊचा पासपोर्ट व्हायचा आहे, रजाही आत्ताच सगळी संपली. बघते अजून, नाही असं म्हणत नाही. करवली म्हणून ताईला उभी करा, माझी वाट बघून मुहूर्त पुढे ढकलू नका. कार्यालयाच्या अ‍ॅडव्हान्सचे पैसे शुक्रवारी टाकले आहेत. अप्पा, त्यातलेच थोडे तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आहेत, ते लग्नात घालू नका. परत पाठवायचं तर मुळीच म्हणू नका, एवढं तरी मला करू द्या.

शोपा संपत आल्यात. कोणी येणार असलं तर अर्धा किलो पाठव.

तुमची,
सुमी